इंडियानाची घड्याळे आणि विदर्भाची दुपार

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाजवळ भामरागड आहे आणि पश्चिम किनाऱ्यावर डहाणू. या दोन गावांच्या रेखांशांत आठ अंशांना थोडाच कमी पडेल एवढा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे हा शाळेतला हिशेब लावला, तर भामरागडला उगवलेला सूर्य डहाणूला दिसायला साधारण अर्धा तास लागतो. नागपूर आणि मुंबई यांच्यातील फरक सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्योदय होतो, तेव्हा मुंबईत सहा वाजून जावे लागतात; डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरचा सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो आणि मुंबईचा सहा वाजल्यानंतर. तरीही दोन्ही शहरांच्या भिंतींवर घड्याळ एकच आहे, आणि ते या दोहोंपैकी कोणत्याच शहराचे नाही. ते ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचे आहे. नागपूरचा सूर्य त्या घड्याळाच्या सरासरी चौदा मिनिटे मागे चालतो, मुंबईचा एकोणचाळीस मिनिटे.

मी नागपुरात भूगोल शिकवते. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हा भाग शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: एवढा फरक असेल तर आपल्या राज्यात दोन घड्याळे का नकोत? मोठी माणसेही तो विचारतात, फक्त वेगळ्या शब्दांत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की कोणीतरी म्हणतेच, की पाश्चात्त्य देशांप्रमाणे आपणही उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करावे, म्हणजे विदर्भातील माणसे लवकर कामाला लागतील आणि ऊन टळेल. हे दोन्ही विचार मला टाकाऊ वाटत नाहीत. त्यांच्यामागची अडचण खरी आहे. परंतु एका राज्याने हे दोन्ही उपाय, एकेकटे आणि एकत्र, जवळजवळ शंभर वर्षे करून पाहिलेले आहेत, आणि त्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय या प्रश्नावर मत बनवू नये असे माझे मत आहे. ते राज्य म्हणजे अमेरिकेतील इंडियाना.

इंडियानाची निवड करण्याचे आणखी एक कारण आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९४ हजार चौरस किलोमीटर, तर आपल्या विदर्भाचे सुमारे ९७ हजार. म्हणजे नकाशावर दोन्ही प्रदेश जवळजवळ सारख्याच आकाराचे आहेत. लोकसंख्या मात्र तेथे ६८ लाखांच्या आसपास आहे आणि विदर्भात २०११ च्या जनगणनेतच ती दोन कोटी तीस लाखांपर्यंत पोहोचली होती. एवढ्याशा प्रदेशात आज दोन प्रमाणवेळा चालतात. ९२ काउंट्यांपैकी ८० काउंट्या पूर्व प्रमाणवेळ पाळतात आणि १२ मध्य प्रमाणवेळ, आणि दोन्ही गट वर्षातून दोनदा घड्याळ एक तास सरकवतात. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे प्रशासकीय एकक. आकाराने मात्र ते बहुधा आपल्या तालुक्याएवढेच भरते.

माझा धाकटा भाऊ या राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील इव्हान्सव्हिल या शहरात राहतो. त्याचे घर मध्य प्रमाणवेळेत आहे आणि काम तासाभराच्या अंतरावरील जॅस्परला, जे एक तास पुढे असलेल्या पूर्व प्रमाणवेळेत येते. तो सकाळी सात वाजता घरून निघतो, तासभर गाडी चालवतो, आणि कार्यालयात पोहोचतो तेव्हा तेथे नऊ वाजलेले असतात. संध्याकाळी पाचला निघाला तर घरी पाचलाच पोहोचतो. मुलाच्या शाळेतील पालकसभा, दंतवैद्याची वेळ, बँक, सगळीकडे वेळ सांगताना ती कुठली हेही सांगावे लागते. आई नागपूरहून त्याला फोन करते तेव्हा तिला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: आपले घड्याळ वर्षभर स्थिर असल्यामुळे त्याच्या आणि आपल्या वेळेतील अंतर मार्च ते नोव्हेंबर साडेदहा तासांचे असते आणि हिवाळ्यात साडेअकरा तासांचे होते.

या गुंत्याचे मूळ सूर्यात नाही. अमेरिकेची पूर्व प्रमाणवेळ ७५ अंश पश्चिम रेखावृत्तावर आणि मध्य प्रमाणवेळ ९० अंश पश्चिम रेखावृत्तावर आधारलेली आहे. या दोहोंच्या बरोबर मध्ये ८२.५ अंश येतात. आपले प्रमाण रेखावृत्त तेवढेच, फक्त पूर्वेकडचे, योगायोगाचीच गोष्ट. ही मध्यरेषा इंडियानातून जातच नाही. ती त्याच्या पूर्वेच्या ओहायो राज्यातून जाते. म्हणजे केवळ सूर्य पाहिला तर अख्खे इंडियाना मध्य प्रमाणवेळेत हवे. राजधानी इंडियानापोलिस ८६ अंशांच्या थोडे पश्चिमेला असल्याने मध्य प्रमाणवेळ धरली तर तेथील सूर्य घड्याळाच्या पंधरा मिनिटे पुढे असेल, आणि पूर्व प्रमाणवेळ धरली तर पंचेचाळीस मिनिटे मागे. त्यावर उन्हाळ्यातील वाढीव तास चढवला की जूनमध्ये इंडियानापोलिसचा सूर्य रात्री सव्वानऊ वाजता मावळतो. राज्याने सूर्याच्या जवळचे घड्याळ सोडून दूरचे का घेतले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर व्यापारात आहे.

१८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी आपापसांत ठरवून प्रमाणवेळा सुरू केल्या, तेव्हा इंडियाना मध्य विभागात गेले. १९१८ मध्ये संघराज्याने त्या प्रमाणवेळांना कायद्याचे रूप दिले आणि त्याच कायद्याने उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेण्याची पद्धतही आणली. पहिले महायुद्ध चालू होते, जर्मनीने १९१६ मध्ये ती सुरू केली होती, आणि कोळसा वाचवणे हा उद्देश होता. शेतकऱ्यांचा तिला तीव्र विरोध होता. गायीची धार आणि गवतावरचे दव घड्याळावर चालत नाही. दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही, आणि घड्याळ पुढे नेले म्हणजे मजूर मात्र तासभर आधी घरी जातात. १९१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार ओलांडून ती तरतूद रद्द केली. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ पासून सप्टेंबर १९४५ पर्यंत, ती पुन्हा आली आणि वर्षभर चालली.

युद्ध संपल्यावर ओहायो आणि न्यूयॉर्कशी व्यवहार करणाऱ्या शहरांना पुढचे घड्याळच सोयीचे वाटू लागले होते, तर खेड्यांना जुने हवे होते. १९४९ मध्ये विधिमंडळाने संपूर्ण राज्यासाठी मध्य प्रमाणवेळ ठरवली आणि उन्हाळी वेळ बेकायदा केली, परंतु हा कायदा अमलात आणण्याची कोणतीही व्यवस्था त्यात नव्हती. शहरांनी तो सरळ दुर्लक्षिला. १९५७ मध्ये दुसरा कायदा झाला: उन्हाळ्यात ज्यांना हवे त्यांनी घड्याळ पुढे न्यावे, पण हिवाळ्यातही पुढचेच घड्याळ ठेवणाऱ्या गावांचा राज्याकडून मिळणारा निधी थांबेल. हाही टिकला नाही. १९६१ मध्ये तो रद्द झाला आणि संघराज्याच्या आयोगाने इंडियाना दोन प्रमाणवेळांत विभागून टाकले. माणसे ज्या बाजारावर जगतात त्या बाजाराचे घड्याळ ती वापरतात, मग कायद्याच्या पुस्तकात काहीही लिहिलेले असो. हे या दोन कायद्यांच्या अपयशातून मला जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातूनही दिसत नाही.

१९६६ च्या केंद्रीय कायद्याने असे ठरवले की राज्याने उन्हाळी वेळ पाळायची तर सगळ्या राज्याने पाळावी, नाहीतर कोणीच पाळू नये. इंडियानासारख्या दोन विभागांत वाटल्या गेलेल्या राज्यांची त्यात कोंडी झाली. १९६९ मध्ये राज्याचा बहुतेक भाग पूर्व प्रमाणवेळेत टाकण्यात आला. वायव्येचा शिकागोलगतचा भाग आणि नैर्ऋत्येचा इव्हान्सव्हिलचा भाग तेवढे मध्य प्रमाणवेळेत राहिले. १९७२ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन विभागांच्या राज्याला एका विभागापुरती उन्हाळी वेळ टाळण्याची मुभा मिळाली. इंडियानाने ती घेतली.

यानंतर तीन दशकांहून अधिक काळ या राज्यात जी स्थिती होती ती मी फळ्यावर काढून दाखवते तेव्हा मुले आधी गोंधळतात आणि मग फार मन लावून ऐकतात. २००५ पर्यंत ७७ काउंट्या पूर्व प्रमाणवेळेत होत्या आणि घड्याळ कधीच सरकवत नव्हत्या. १० काउंट्या मध्य प्रमाणवेळेत होत्या आणि वर्षातून दोनदा घड्याळ सरकवत होत्या. उरलेल्या ५ काउंट्या केंटकीतील लुइव्हिल आणि ओहायोतील सिनसिनाटी या शहरांना लागून होत्या. कायद्याने त्यांनी घड्याळ सरकवायचे नव्हते, पण त्यांचे लोक नदीपलीकडे कामाला जात असल्यामुळे त्यांनी ते आपणहून सरकवले, आणि त्यांना कोणी अडवले नाही. परिणाम असा की उन्हाळ्यात इंडियानापोलिसचे घड्याळ शिकागोशी जुळत असे आणि हिवाळ्यात न्यूयॉर्कशी. इंडियानापोलिसच्या माणसाने स्वतःचे घड्याळ कधीच हलवले नाही. त्याच्याभोवतालचे सगळे मात्र हलत राहिले.

मिच डॅनियल्स २००५ मध्ये गव्हर्नर झाले तेव्हा त्यांनी हा प्रश्न हाती घेतला. बाहेरचे उद्योग इंडियानात यायचे तर येथे किती वाजले आहेत हे त्यांना विचारावे लागू नये, असा त्यांचा मुद्दा होता. विरोध शेतकऱ्यांचा होता, अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू करता येत नाही अशा उघड्यावरच्या चित्रपटगृहांचा होता, आणि सकाळच्या अंधारात मुलांना शाळेच्या बसची वाट पाहावी लागेल म्हणून धास्तावलेल्या पालकांचा होता. एप्रिल २००५ च्या अखेरीस प्रतिनिधिगृहाने ५१ विरुद्ध ४६ मतांनी विधेयक मंजूर केले, आणि २ एप्रिल २००६ पासून संपूर्ण राज्य उन्हाळी वेळ पाळू लागले.

पण घड्याळ सरकवायचे ठरले तरी कोणत्या विभागात राहायचे हा प्रश्न उरलाच, आणि तो काउंट्यांनी संघराज्याच्या परिवहन खात्याकडे नेला. प्रमाणवेळेचा प्रश्न परिवहन खात्याकडे का, असे मुले विचारतात. रेल्वेमुळेच प्रमाणवेळ जन्मली असल्याने तो वारसा तेथे आहे. कायद्याने या खात्याला एकच कसोटी दिली आहे, ती व्यापाराच्या सोयीची. म्हणून अर्ज करणाऱ्या काउंटीला ते काही साधे प्रश्न विचारते. तुमच्याकडे माल कोठून येतो आणि कोठे जातो? दूरचित्रवाणी आणि वर्तमानपत्रे कोणत्या शहराची? विमान पकडायला कोठे जाता? किती लोक कामाला काउंटीबाहेर जातात आणि कोणत्या दिशेने? मुले पुढच्या शिक्षणाला कोठे जातात? या प्रश्नांत सूर्योदयाचा उल्लेख मुख्य नाही. मला ही प्रश्नावली भूगोलाचा उत्तम पाठ वाटते, कारण एखाद्या प्रदेशाचा खरा नकाशा अशाच प्रश्नांतून तयार होतो.

जानेवारी २००६ मध्ये खात्याने आठ काउंट्यांना मध्य प्रमाणवेळेत जाण्याची परवानगी दिली: स्टार्क, पुलास्की, पेरी, डेव्हिस, डुबॉइस, नॉक्स, मार्टिन आणि पाइक. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पुलास्की मार्च २००७ मध्ये पूर्व प्रमाणवेळेत परतली. डेव्हिस, डुबॉइस, नॉक्स, मार्टिन आणि पाइक या पाच काउंट्या नोव्हेंबर २००७ मध्ये परतल्या. म्हणजे आठांपैकी सहा काउंट्यांनी दोन वर्षांच्या आत निर्णय फिरवून घेतला, कारण शेजारची काउंटी, कारखाना किंवा रुग्णालय पलीकडच्या वेळेत राहिले की रोजचे जगणे अवघड होते, हे त्यांना अनुभवाने कळले. स्टार्क आणि पेरी तेवढ्या राहिल्या. जॅस्पर डुबॉइस काउंटीत येते. भावाच्या कार्यालयातील जुनी माणसे आजही त्या दीड वर्षाबद्दल सांगतात, असे तो म्हणतो.

या उलाढालींच्या खुणा आपल्या संगणकांत आणि फोनमध्येही आहेत. जगभरच्या उपकरणांना वेळ पुरवणाऱ्या कालविभागांच्या संग्रहात इंडियाना या नावाखाली आठ वेगवेगळ्या नोंदी आहेत, प्रत्येक नोंद एकेका गावाच्या नावाने, कारण त्या प्रत्येक गावाच्या घड्याळाचा इतिहास निराळा आहे. संपूर्ण भारतासाठी त्याच संग्रहात एकच नोंद आहे, कोलकात्याच्या नावाची.

आता विजेकडे वळू या, कारण नागपूरकरांच्या दृष्टीने इंडियानाच्या अनुभवातील सर्वांत मोलाचा भाग हा आहे. उन्हाळी वेळेचे समर्थन नेहमी विजेच्या बचतीने केले जाते. २००६ मध्ये इंडियानाच्या बहुतेक काउंट्यांनी ती नव्यानेच स्वीकारली आणि काही काउंट्या आधीपासून पाळत होत्या, त्यामुळे संशोधकांना तुलनेची अशी संधी मिळाली की जी प्रयोगशाळेत निर्माण करता आली नसती. मॅथ्यू कोचेन आणि लॉरा ग्रँट या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या दक्षिण भागातील घरांची वीजबिले तपासली. त्यांना आढळले की उन्हाळी वेळेमुळे घरगुती विजेचा वापर कमी न होता सुमारे एक टक्क्याने वाढला, आणि राज्यातील कुटुंबांवर त्याचा वर्षाला सुमारे ९० लाख डॉलरचा भार पडला. दिव्यांची वीज वाचली हे खरे. पण घड्याळ पुढे गेल्यामुळे माणसे दिवसाच्या अधिक तापलेल्या भागात घरी परतू लागली, घर थंड करण्यासाठी लागणारी वीज वाढली, आणि शरद ऋतूत सकाळच्या थंडीत घर गरम करण्याचाही खर्च वाढला.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नागपूरचा मे महिना येतो. येथे सर्वाधिक तापमान दुपारी तीन ते चारच्या दरम्यान असते आणि नंतरही भिंती, गच्ची, रस्ता तापलेलेच राहतात. संध्याकाळी सहा-सात वाजेपर्यंत कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडत राहावे लागते. समजा आपण घड्याळ तासभर पुढे केले. कार्यालय सहाला सुटले तर ते आजच्या घड्याळाप्रमाणे पाचला सुटेल, आणि सूर्याच्या हिशेबाने त्या वेळी पावणेपाचच वाजलेले असतील. म्हणजे वर्धा रोडवरून किंवा सीताबर्डीतून माणूस दुचाकीवर घरी निघेल तो आजच्यापेक्षा कडक उन्हात, आणि घरचा कूलर किंवा एसी सुरू होईल तो आजच्यापेक्षा तासभर आधी. लंडन किंवा इंडियानापोलिसच्या माणसाला संध्याकाळचा जादा प्रकाश हवा असतो, कारण त्याला त्या वेळी बागेत बसायचे असते. विदर्भातील माणूस त्या वेळी सूर्य मावळण्याची वाट पाहत असतो.

सकाळचा तासभर गार वेळ कामाला मिळेल हे मात्र नाकारता येणार नाही. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात एका तासाने भागत नाही. येथे शेतमजूर, बांधकामावरची माणसे, पालेभाजी विकणाऱ्या बाया दिवसाचे दोन तुकडे करतात: पहाटेपासून अकरापर्यंत एक आणि ऊन उतरल्यावर दुसरा. मधली दुपार त्यांना रिकामी हवी असते. घड्याळ सरकवल्याने अख्खा दिवस सरकतो, दुपार त्याच्याबरोबर सरकते. ती कामातून वगळली जात नाही. ते काम वेळापत्रकाचे आहे.

अक्षांशाचाही विचार करावा लागतो. उन्हाळी वेळेचा उपयोग तेथे होतो जेथे उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा दिवस यांत मोठा फरक असतो. इंडियानापोलिसला जूनमधला दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरमधला सव्वानऊ-साडेनऊ तासांचा असतो. नागपुरात जूनचा दिवस सुमारे तेरा तास पंचवीस मिनिटांचा आणि डिसेंबरचा दहा तास पन्नास मिनिटांचा. उन्हाळ्यात उचलून दुसरीकडे ठेवावा असा प्रकाशाचा मोठा साठा आपल्याकडे नाहीच. आपल्या देशात घड्याळ पुढे नेण्याचा प्रयोग दुसऱ्या महायुद्धात झाला होता. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे होती. युद्ध संपताच ती पूर्ववत झाली.

आपल्या राज्याच्या इतिहासातही दोन घड्याळांचा अध्याय आहे, आणि त्यात नागपूर आणि मुंबई यांचे अनुभव अगदी निराळे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण मानली होती. मद्रासची स्थानिक वेळ ग्रिनिचपेक्षा सुमारे पाच तास एकवीस मिनिटे पुढे होती. नागपूरची पाच तास सोळा मिनिटे. म्हणजे १८६७ मध्ये आलेल्या रेल्वेचे घड्याळ नागपूरच्या सूर्यापासून जेमतेम पाच मिनिटे दूर होते. एवढ्या फरकासाठी कोणाचा दिवस बिघडत नाही. मुंबईत मात्र हाच फरक अर्ध्या तासाचा होता आणि तो लोकांना जाचत होता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा नागपूरला चौदा मिनिटे पुढे जावे लागले आणि मुंबईला एकोणचाळीस. मुंबईत गिरणी कामगारांपासून महापालिकेपर्यंत विरोध झाला, कारण गिरणीचा भोंगा चाळीस मिनिटे आधी वाजणे म्हणजे कामगाराने अंधारात उठणे होते. महापालिकेने मुंबईची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. अवघ्या एका वर्षाने आधी ते आले असते तर एकाच राज्याच्या दोन मोठ्या शहरांत दोन घड्याळे, ही इंडियानाची स्थिती आपणही अनुभवली असती.

पूर्व भारतासाठी वेगळ्या वेळेची मागणी मला न्याय्य वाटते हे येथे नोंदवते. आसाममधील चहाच्या बागांत कित्येक दशकांपासून बागानवेळ चालते, ती प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशात दोन प्रमाणवेळा शक्य आहेत असे मांडले आणि विभागणीची रेषा पश्चिम बंगाल-आसाम सीमेजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात सुचवली. त्या जागेची निवड फार विचारपूर्वक केलेली आहे: तेथून जाणारे रेल्वेमार्ग मोजके आहेत, त्यामुळे घड्याळ बदलण्याची ठिकाणेही मोजकी राहतील. आता हीच रेषा महाराष्ट्रात आखायची म्हटले तर ती कोठे आखणार? नागपूर हे हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन मोठ्या मार्गांचे जंक्शन आहे. अमेरिकी परिवहन खात्याचे प्रश्न गडचिरोलीच्या माणसाला विचारले, तर उपचाराला तो नागपूरला किंवा चंद्रपूरला येतो, मुलगी शिकायला नागपूरला किंवा पुण्याला जाते, शेतमाल नागपूरच्या बाजारात येतो, आणि सरकारी आदेश मंत्रालयातून मुंबईहून निघतो. गोंदियाचा माणूस रायपूरकडे जाईल, नागपूरकडेही येईल. आमच्या जगण्याचे धागे कोणत्याही एका रेषेने तुटणार नाहीत असेच विणलेले आहेत. इंडियानाच्या सहा काउंट्या ज्या कारणाने माघारी फिरल्या, ते कारण येथे कितीतरी पटींनी मोठे होईल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की राज्याचे घड्याळ एकच असावे, आणि वेळापत्रके मात्र जिल्ह्याने ठरवावीत. यातले थोडे आपण आधीपासून करतो. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात त्या जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, कारण मध्य जूनपर्यंत येथे पावसाचा पत्ता नसतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या शाळा सकाळच्या होतात. उन्हाळ्यात चौकांतील सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावल्या जातात, म्हणजे थांबणाऱ्या दुचाकीस्वाराला सावली मिळावी. हे सगळे उपाय घड्याळाला हात न लावता झाले आहेत.

पण राज्यभर एकच वेळापत्रक करण्याचा ओढाही वाढतो आहे, आणि त्याची मला काळजी वाटते. २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगला आहे, आणि जेथे जानेवारीत सव्वासातला सूर्य उगवतो त्या मुंबईत तो योग्यही आहे. नागपुरात मात्र मार्चच्या शेवटी नऊला शाळा भरवायची म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला भर दुपारी घरी पाठवायचे. २०२५ मध्ये वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत घ्यायचे ठरले तेव्हा विदर्भातून जो विरोध झाला, तो याच अनुभवातून होता.

हिवाळ्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भामरागडला सूर्य साडेपाचनंतर चार-पाच मिनिटांत मावळतो. डहाणूला तो सहा वाजूनही दिसतो. दोन्हीकडे शाळा पाचला सुटली तर डहाणूच्या मुलीला घरी पोहोचायला तासाभराचा उजेड मिळतो आणि भामरागडच्या मुलीला त्याच्या निम्मा. त्यातही तिचा रस्ता जंगलातून असतो. सकाळी उलट होते: भामरागडला पावणेसातपूर्वी सूर्य वर आलेला असतो, डहाणूला सात वाजून गेले तरी नाही. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा या तालुक्यांत नोव्हेंबर ते जानेवारी शाळा अर्धा तास आधी भरवून अर्धा तास आधी सोडायला घड्याळ बदलावे लागत नाही, विधिमंडळात मतदान घ्यावे लागत नाही, रेल्वेला कळवावे लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एक परिपत्रक काढावे, मुलींना ने-आण करणाऱ्या बसच्या फेऱ्या एसटीच्या आगाराशी बोलून त्याप्रमाणे बदलून घ्याव्यात, आणि सूर्यास्ताची तालुकानिहाय वेळ त्या परिपत्रकासोबत जोडावी. ही वेळ काढण्यासाठी लागणारे गणित आठवी-नववीच्या मुलांना येते. मी माझ्या वर्गाकडून गडचिरोलीच्या सर्व बारा तालुक्यांचे तक्ते करून घेतले आहेत, आणि मागणाऱ्या कोणत्याही शाळेला ते पाठवायला तयार आहे.